चौदा घासांचा खांब

हवालदारसाहेब, पेन तुमच्या कानावर आहे, टेबलाखाली काय शोधताय? काल मी याच खुर्चीत बसून हे सगळं सांगून गेले. तुम्ही मान डोलावलीत, चहा घेतलात, आणि आज निरोप की आजी, लिहायचं राहून गेलं, पुन्हा या. असू दे. ज्यांना लिहिता येतं त्यांना विसरणं परवडतं. मला अक्षर येत नाही, त्यामुळे सगळं डोक्यातच ठेवावं लागतं. आता मी बोलते तसं लिहा. हेही लिहा.

मला सगळे शिवणआजी म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे. किती पुढे हे माझ्या आईला ठाऊक होतं आणि ती ते बरोबर घेऊन गेली. धंदा शिवणकाम, हल्ली नुसतं फाटलेलं सांधणं. राहणार मुलाच्या मोटरहोममध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात. ते परवा जळालं. तेव्हापासून मुक्काम गाड्यांच्या तळावर, तिथल्या राखणदाराच्या खोलीत. मुलगा आणि सून गावातल्या लॉजवर आहेत. त्यांना दोनच खाटांची खोली मिळाली.

मी समक्ष ठाण्यात हजर होऊन, काल आपल्या पायांनी आणि आज तुमच्या बोलावण्यावरून, जबाब देते तो असा.

तळाचा राखणदार दवाखान्यात आहे. त्याचे दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत पट्ट्यांमध्ये आहेत आणि दाराशी तुमचा शिपाई बसलाय. तो पळून जाऊ नये म्हणून बसलाय म्हणे. ज्याला दाराची कडी काढता येत नाही तो पळणार कसा, ते तुम्हीच जाणा. शिपाई बसवला कारण माझ्या मुलाने तुम्हाला लिहून दिलंय की खांबाच्या फ्यूजमध्ये राखणदाराने जाड तार घातली, त्याच्या हलगर्जीपणामुळे आग लागली, आणि खांबावरून वीज किती घ्यायची हे आम्हाला कुणी कधी सांगितलंच नाही. यातलं एकही खरं नाही. ती तार माझ्या मुलाने घातली. मी पाहिली. मुलगा एकुलता एक आहे, हेही आत्ताच सांगून टाकते. म्हणजे तुम्ही मध्येच लिहायचं थांबून माझ्या तोंडाकडे बघत बसायला नको.

मुलाने नोकरी सोडल्यावर मोटरहोम घेतलं. झोपायला दोन जागा, ओटा, फ्रिज, न्हाणी, सगळं एका खोलीएवढ्या जागेत. आईला एकटीला मागे कसं ठेवायचं, म्हणून बरोबर आणलं, असं तो लोकांना सांगतो. घर त्याने भाड्याने दिलं होतं. मला मागे ठेवायचं तर भाडेकरूंच्या मांडीवर ठेवावं लागलं असतं. माझी झोपायची जागा दारालगतच्या बाकावर. दिवसा तो बाक, रात्री पलंग. मीही तशीच, दिवसा बसलेली आणि रात्री आडवी, त्याच जागी. तक्रार नाही, जागा कुठे होती ते कळावं म्हणून सांगितलं.

असल्या गाड्यांसाठी तळ असतात. गवताच्या आखलेल्या जागा, प्रत्येक जागेच्या कोपऱ्यात कमरेएवढा विजेचा खांब. गाडीची लांब केबल त्या खांबाला जोडायची की गाडीत वीज येते. या तळावर आम्ही बरेच दिवस होतो. खांब जुने, आत चिनी मातीच्या फ्यूजमध्ये केसासारखी बारीक तार. जास्त वीज ओढली की ती तार वितळते आणि गाडीत अंधार.

आता तुम्ही काल हसून जे विचारलंत त्याचं उत्तर. "आजी, तुम्हाला विजेतलं काय कळतं?" सांगते काय कळतं ते.

पहिल्याच आठवड्यात मी एकीकडे किटली लावली, दुसरीकडे हीटर चालू होता, आणि फ्यूज उडाली. मला वाटलं मुलगा ओरडेल. ओरडला नाही. मला हाताला धरून खांबापाशी घेऊन गेला. म्हणाला, "आई, हा खांब सहा अँपिअरचा. दाब दोनशे तीस व्होल्ट. गुणाकार केला की जवळजवळ चौदाशे वॅट."

मी म्हटलं, "मला गुणाकार सांगतोस? मी शर्टाच्या बाह्या मोजायची, तेवढंच गणित मला."

मग त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "बरं, शंभर वॅटचा एक घास धर. खांबाच्या ताटात चौदा घास आहेत. गाडीतल्या सगळ्यांनी त्यातच जेवायचं."

"आणि पंधरावा मागितला तर?"

"थोडा वेळ सोसेल. मागतच राहिलीस तर फ्यूज उडेल आणि सगळेच उपाशी."

त्या दिवशी त्याने मला एकेकाची भूक सांगितली. दिवे आणि फोन म्हणजे मुंग्या, त्यांना मोजायचंच नाही. फ्रिजला एक घास. गाडीची बॅटरी भरणारा चार्जर दोन घास गुपचूप खातो, तो कुणाला दिसत नाही म्हणून तोच हिशेब चुकवतो. आमची लहान किटली आठ. हीटरला दोन खटके, धाकट्यावर आठ घास, मोठ्यावर सोळा. म्हणजे मोठा खटका एकटाच ताटासकट खाणार. छोटा ओव्हन दहा. सूनबाईचा केस वाळवायचा ड्रायर दहा. माझी इस्त्री बारा, फ्रिज आणि चार्जर धरले की पंधरा. म्हणून इस्त्री मागच्या कप्प्यात गेली ती गेलीच. "ज्याच्या पोटात तार तापते तो खादाड," मुलगा म्हणाला. "जे नुसतं उजळतं किंवा बोलतं ते मुंगीच्या जातीचं." मी म्हटलं, मग तू मुंगीच्या जातीचा. तो हसला. बरीच वर्षं मी त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

गाडीत नियमही त्यानेच घातला. ओट्यावर खुंटीला एक लाकडी पळी टांगली. ज्याला खादाड वस्तू लावायची त्याने आधी पळी हातात घ्यायची. पळी एकच, म्हणून खादाड एकावेळी एकच. माझा चहा होत असला की सूनबाई ओल्या केसांनी उभी, "आई, पळी सोडा ना."

"चहा होऊ दे गं. तुझे केस कुठे पळून चाललेत?"

"थंडी वाजतेय हो."

"मग हीटरला पळी देऊ की ड्रायरला, ठरव."

मुलगा बाजूने म्हणायचा, "पळीधारी महाराणींचा विजय असो." असे आम्ही राहत होतो. चौदा घासांमध्ये तिघांचं नीट चालत होतं. फ्यूज पुन्हा उडाली नाही.

दुसरं त्याने केबलबद्दल शिकवलं. ती मोठ्या चक्रीवर गुंडाळलेली असते. जोडायच्या आधी ती सगळीच्या सगळी सोडून गवतावर पसरायची, गरज दोन हात लांबीची असली तरी. गुंडाळीत ऊब कोंडते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही, आतल्या आत तापत जाते. एकदा सूनबाईने अर्धी केबल चक्रीवरच ठेवली होती. तेव्हा शेजारच्या गाडीतली माणसं बघत होती आणि माझा मुलगा तिला म्हणाला होता, "घर जाळायचंय का तुला?" हे शब्द त्याचे आहेत. सूनबाई खाली वाकून उरलेली केबल सोडत बसली होती.

त्या दिवसांमध्ये मुलगा माझ्याशी जेवढं बोलला तेवढं त्याआधी कित्येक वर्षांत बोलला नव्हता. तुम्ही म्हणता हे वाक्य गुन्ह्याशी संबंधित नाही. आहे. लिहा. कारण विजेबद्दल मला जे ठाऊक आहे त्यातलं अक्षर न् अक्षर त्याने शिकवलंय. मला वाचता येत नाही, तळावरची विजेच्या नियमांची पाटी मी वाचलेली नाही, राखणदाराने मला कधी काही समजावलं नाही. तो नुसता जाता-येता थट्टा करायचा, "काय आजी, आज पळी कुणाकडे?" तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं असं मुलगा म्हणत असेल, तर हे चौदा घास मला कुणी भरवले ते त्याला विचारा.

परवाची हकीकत. सूनबाईचा भाऊ आणि भावजय दुपारी जेवायला येणार होते. भावाने नुकतीच मोठी नवी मोटार घेतली होती आणि ती दाखवायचीही होती. मुलाने सकाळपासून आवराआवर केली. गवतावर चटई, टेबल, खुर्च्या. गवतात पसरलेली केबल त्याने पुन्हा चक्रीवर गुंडाळली आणि चक्री दाराच्या पायरीखाली सरकवली. मी विचारलं, "गुंडाळलीस होय?" म्हणाला, "पाहुणे अडखळतील. आणि बरं दिसत नाही ते."

खुर्च्या चार होत्या. मला म्हणाला, "आई, बाहेर वारा आहे, तू आत बस." मी आत बाकावर बसले. खिडकीतून सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

पाहुणे आले. भावजयीला गाडी बघायची होती म्हणून चौघं आत आली. तिने पळीकडे बोट दाखवून विचारलं, "ही इथे काय करते?" सूनबाईने भोळेपणाने सगळं सांगितलं. घास, खादाड, सगळं. तसा भाऊ हसायला लागला. "म्हणजे चहा पाहिजे तर हीटर बंद? भावजी, हे घर आहे की रेशनचं दुकान?"

भावजय म्हणाली, "अहो, असं नका बोलू, ते काटकसरीत राहतात."

ती चांगल्या मनाने म्हणाली असेल. मी मुलाकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. त्याने पळी खुंटीवरून काढली आणि खणात टाकली.

मी म्हटलं, "अरे, पळी?"

म्हणाला, "आज पळी नको."

मग त्याने हीटरचा मोठा खटका दाबला, ओव्हन लावला, किटली लावली. पाहुणे बाहेर जाऊन बसले. थोड्या वेळाने फ्यूज उडाली. राखणदार आला, बारीक तार घालून गेला. पुन्हा उडाली. राखणदार पुन्हा आला. या वेळी म्हणाला, "साहेब, हीटर धाकट्या खटक्यावर घ्या की. सहाचा खांब आहे."

मुलगा म्हणाला, "माहितीये मला. जरा जाड तार घाला ना आजच्यापुरती."

"तसं नाही जमत, साहेब."

"एका दुपारने काय होतंय?"

"तार उडते म्हणून बरं आहे, साहेब. ती उडाली नाही तर मग दुसरं काहीतरी उडेल." असं म्हणून त्याने तीच बारीक तार घातली आणि पलीकडच्या टोकाला न्हाणीघरं धुवायला निघून गेला. पाहुण्यांसमोर एवढं बोलणं झालं. सूनबाईचा भाऊ म्हणाला, "भावजी, तुमचा राखणदार तर तुम्हालाच दम देतो." आणि सगळे हसले. मुलगाही हसला. ते हसू मला ओळखू येतं. शाळेत असताना कुणी चिडवलं की घरी येऊन तो तसंच हसायचा, आणि मग काहीतरी मोडायचा.

"माहितीये मला" हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. चौघांनी ऐकले. भावाला तुम्ही विचारलंत तर म्हणे, त्या वेळी तो फोन बघत होता. असेल. हसला तोही फोनमध्येच बघून हसला असेल.

तिसऱ्यांदा अंधार झाला तेव्हा मुलाने राखणदाराला हाक मारली नाही. आत आला आणि म्हणाला, "आई, तुझी कात्री दे."

"कशाला?"

"पिशवी फोडायचीय."

मी शिवणाच्या डब्यातून कात्री काढून दिली. तो उतरून बाहेरून मागच्या कप्प्याकडे गेला. मागच्या खिडकीतून मी बघितलं. त्याने माझी इस्त्री बाहेर काढली, तिची वायर कात्रीने तोडली, वरचं रबर दातांनी सोललं आणि आतल्या तांब्याच्या तारा एकत्र पिळल्या. इस्त्री परत कप्प्यात ठेवली. खांबाचं झाकण उघडून वाकला. मग आत दिवे आले, हीटर घरघरला, आणि बाहेर भाऊ टाळ्या वाजवून म्हणाला, "वा भावजी, तुम्ही तर वायरमन निघालात!"

मुलाने कात्री आणून खिडकीच्या कडेला ठेवली. मी पात्यावर बोट फिरवलं. पात्याला दात पडला होता. कपड्याच्या कात्रीने तांबं कापलं की असाच दात पडतो, मग ती रेशीम ओढते. मी म्हटलं, "पिशवीला हाडं होती का रे?"

तो म्हणाला, "आई, पाहुणे आहेत. जरा गप्प बस."

मी मनात हिशेब केला. हीटर सोळा, ओव्हन दहा, किटली आठ, फ्रिज आणि चार्जर मिळून तीन. सदतीस घास, चौदाच्या ताटातून. आणि थांबवायला बारीक तार आता नव्हती. मी हीटरकडे हात नेला तेव्हा तो दारातूनच म्हणाला, "हात लावू नकोस, त्यांना थोड्या वेळाने आत बसायचंय." आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून त्याने दार ओढून घेतलं. त्या दाराची कडी घट्ट आहे. माझ्या बोटांना ती निघत नाही. हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे.

बाहेर जेवण चाललं होतं. ओव्हनमधलं सूनबाई अधूनमधून येऊन घेऊन जात होती. शेवटचं ताट नेल्यावर कुणी आत आलं नाही, पण ओव्हन चालूच राहिला. नंतर माझ्या पायांखालची जमीन कोमट लागायला लागली. मला बरं वाटलं, थंडीचे दिवस आहेत. मग रबर जळल्याचा वास आला. मी खिडकीच्या काचेवर टकटक केली. मुलाने बघितलं आणि हात वर केला, थांब म्हणून. मी पुन्हा टकटक केली. त्याने पुन्हा हात केला. तो भावाला काहीतरी सांगत होता, रंगात आला होता. तिसऱ्यांदा वाजवलं तेव्हा पायरीखालून धूर वर आला आणि भावजय किंचाळली.

पायरीखालची चक्री पेटली होती. ज्वाळा दारावर. चौघंही उठून मागे सरली. सूनबाई माझ्या नावाने ओरडत होती, म्हणजे "आई, आई" म्हणून. भावाने तिला दंडाला धरून ठेवलं होतं. माझ्या मुलाने त्या वेळी भावाची मोटार मागे घेतली. ती आमच्या गाडीला लागून उभी होती आणि नवी होती.

तुम्ही मला काल एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर मी काल दिलं नव्हतं. आज देते. मी आत आहे हे मुलाला ठाऊक होतं.

राखणदार न्हाणीघरांकडून धावत आला. आधी खांबाकडे गेला. केबलचा प्लग खांबात वितळून चिकटला होता, निघेना. तेव्हा त्याने फ्यूज धरून ओढली. ती लाल झालेली होती. पहिला हात तिथे गेला. वीज तुटली. मग तो पायरीपाशी आला आणि पेटलेली चक्री दोन्ही हातांनी धरून ओढत गवतात नेली. वितळलेलं रबर त्याच्या हातांना चिकटलं होतं. मग त्याने दार उघडलं. कडी त्याने कोपराने वर ढकलली. माझ्या काखेत दोन्ही मनगटं घालून मला उचललं आणि खाली आणलं. मी त्याला म्हटलं, "अरे, हाताने धर की नीट." गवतावर बसवल्यावर मी त्याचे हात पाहिले.

आग पुढच्या भागाला लागली. दार, ओटा, माझा बाक गेला. मागचा भाग राहिला. मागच्या कप्प्यात इस्त्री आहे, वायर तुटलेली. खांबात सापडलेली तार आणि इस्त्रीची उरलेली वायर शेजारी ठेवून बघा. कात्री माझ्या हातात राहिली होती, तशीच घेऊन बाहेर आले होते. ती आज तुमच्याकडे देत आहे. पात्यावरचा दात बघा आणि मग परत द्या. नाही दिलीत तरी चालेल. ती आता कापडाच्या कामाची राहिली नाही.

संध्याकाळी तळाच्या कचेरीबाहेरच्या बाकावर मुलगा माझ्याशेजारी येऊन बसला. माझ्या खांद्यावर त्याचा कोट टाकला. म्हणाला, "आई, पोलीस येतील. तुला विचारतील. तू एवढंच सांग की तुला विजेतलं काही कळत नाही. खोटं थोडंच आहे?"

मी म्हटलं, "नाही रे. मला काय कळतंय."

त्याने माझा हात थोपटला आणि लॉजकडे निघाला. कोट राहिला होता, तो घ्यायला परत आला.

रात्री राखणदाराच्या बायकोने मला त्यांच्या खोलीत नेलं. एकच पलंग आहे तिथे. तिने तो मला दिला आणि स्वतः दवाखान्यात गेली. सकाळी ती आली तेव्हा शिपाई दाराशी बसल्याचं तिला कळलं होतं, आणि कुणाच्या सांगण्यावरून बसला तेही. तिने मला चहा केला. हातात देतात तसा दिला नाही, जवळच्या स्टुलावर ठेवला आणि बाजूला झाली. पलंग काही तिने परत मागितला नाही. तो चहा प्यायले आणि सरळ तुमच्याकडे आले.

मुलाशी काही वैर आहे का, असं तुम्ही विचारलंत. वैर नाही. वैर असतं तर काल एवढं सांगताना तीन वेळा पाणी मागावं लागलं नसतं. तुम्ही म्हणालात, आजी, नीट विचार करा, तुमचं म्हातारपण कुणाकडे जायचंय. विचार केला. माझं म्हातारपण बरंचसं उरकलं आहे. राखणदाराचं अजून यायचंय आणि त्याला ते त्या हातांनी काढायचंय. त्यात भर म्हणून त्याला तुरुंगात घालायचा असेल तर माझ्या जबाबावर घालू नका.

सूनबाई बाहेर बाकावर बसली आहे. आज तीच मला बसने घेऊन आली. ठाण्याच्या पायऱ्या चढताना म्हणाली, "आई, खरंच सगळं सांगणार?" मी म्हटलं, "तू सांग, काय करू?" तिने माझी पिशवी माझ्या हातातून घेतली आणि दुसऱ्या हाताने मला पायरी चढवली. तिला विचारायचं असेल तर वेगळं विचारा, माझ्यासमोर नको. आणि मुलासमोर तर नकोच.

माझं सांगून झालं. हवालदारांनी जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. "मोटार मागे घेतली" हे पहिल्या खेपेला त्यांनी गाळलं होतं, ते मी घालायला लावलं. दुसऱ्या खेपेला पुरता ऐकला. मी बोलले तोच आहे, माझाच आहे, कुणी धाक किंवा आमिष दाखवलेलं नाही. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा देत आहे.

आणि हे जबाबात घ्या न घ्या, पण बाहेर सूनबाईला नीट सांगा, तुमच्या लक्षात राहील तर. दवाखान्यात राखणदारासाठी भाज्यांचं सूप पाठव म्हणावं, गाळून, कोमट, नळीने ओढता येईल असं. त्याला कुणी भरवलेलं आवडायचं नाही. त्याच्या बायकोसाठी वेगळा डबा, भरपेट, आणि विचारायचं नाही, ठेवून यायचा. तिने परत केला तर उद्या पुन्हा ठेवायचा. आणि माझ्या मुलाला आज तुम्ही आत घेणारच असाल, तर त्याला मऊ भात आणि उकडलेला बटाटा पाठव म्हणावं. तिखट अजिबात नको. खोटं बोलला की त्याचं पोट जळतं, लहानपणापासून.